पालथे दगड

२ मार्च

झाली परीक्षा. पार पडले!

समोर पाच जण, लांब झगे घातलेले, आणि मी एकटी उभी. आधी लॅटिनमध्ये प्रश्न, मग ग्रीकमधला एक उतारा, मग आयत्या वेळी विषय देऊन बोलायला लावलं. शेवटी त्यांतले एक म्हातारे वकील म्हणाले, मुलगा असतीस तर विद्यापीठाने पदवी दिली असती. त्यांना वाटलं, हे कौतुक. पदवी नाही, पण रोमच्या पंडितमंडळाने ठराव केला — ही मुलगी शिकवायला लायक आहे. आणि डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट ठेवला, जुन्या रोमन लोकांच्या रीतीने.

आमच्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिली. बाबा चुनेभट्टीवाले, आजोबा चुनेभट्टीवाले. त्यांच्या आधी कोण होतं ते कुणालाच ठाऊक नाही.

आईने मुकुट फिरवून फिरवून पाहिला. मग त्यातली चार पानं तोडून चण्यांच्या भांड्यात टाकली. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, मांस नाही, चण्यांना काही चव नको का, म्हणाली. बाबांनी दोनदा वाढून घेतलं. ‘परीक्षा बरी लागते चवीला,’ म्हणाले. एवढंच बोलले. पण हात धुताना शीळ घालत होते, असं मला वाटलं.

३ मार्च

गुरुजी म्हणतात, रोजनिशी लॅटिनमध्ये लिही, हात वळेल. नाही लिहिणार. दिवसभर त्या भाषेत ताठ उभं राहावं लागतं. इथे मला पाय पसरून बसायचंय.

७ मार्च

गुरुजींनी आज वेलिनींच्या नव्या वाड्यावर नेलं.

गुरुजींचं खरं नाव मेओ. डोंगरातल्या गावचे. रोममध्ये आल्यावर त्यांनी पॉम्पिलियस असं प्राचीन नाव घेतलं, मंडळात सगळेच घेतात. आता सगळे त्यांना पॉम्पिलियसच म्हणतात. आई सोडून. आई जिन्याखालून ओरडते, ‘मेओ, जेवायला या, गार होतंय.’ ते आमच्या वरच्या खोलीत राहायला आले तेव्हा मी लहान होते. भाड्याऐवजी माझ्या भावाला शिकवायचं ठरलं होतं. चेन्चो पुस्तकासमोर पेंगायचा, मी कोपऱ्यात लोकर पिंजत उत्तरं द्यायचे. चेन्चो पुढे जहाजावर पळून गेला. धडे थांबले नाहीत.

तर वेलिनी. पोपच्या मुदपाकखान्याला मांस पुरवून श्रीमंत झालेले. वाडा अजून पुरा व्हायचाय, दिवाणखान्यात परांच्या बांधलेल्या आहेत. पण माणूस गोड बोलतो. म्हणाले, २१ एप्रिलला रोम शहराचा वाढदिवस आपल्या मंडळाने इथे, या दिवाणखान्यात करायचा. आणि त्या दिवशी भाषण याकोवेल्ला करेल, म्हणजे मी! विषय — वेलिनी कुळाची प्राचीन थोरवी. त्यांच्या घराण्याचं मूळ थेट जुन्या रोमन वेलिनियस कुळात आहे असं त्यांना वाटतं. हल्ली प्रत्येक नव्या श्रीमंताला असं वाटतं. पुरावा मात्र हवा. त्यांच्या द्राक्षमळ्यात तळघर खणताहेत, तिथले जुने संगमरवरी दगड गाड्या भरभरून आमच्याच भट्टीवर चुना करायला येतात. त्यांत कुळाचं नाव असलेला एखादा दगड मिळाला, तर तो दिवाणखान्याच्या दारावर बसवायचा.

आणि मग — ते म्हणाले, खालची मोठी खोली शाळेला देतो. पॉम्पिलियस थोरल्यांना शिकवतील, तू धाकट्यांना. ‘मुलीसुद्धा,’ म्हणाले. सहज. जणू काही विशेष नाहीच!

रेन्झामावशीच्या तिन्ही पोरी. पाणक्याची ती चुणचुणीत मुलगी. त्या सगळ्या एका खोलीत, हातात पाट्या. मला घरी येईपर्यंत रस्ता दिसला नाही.

आईला सांगितलं. ती मासे साफ करत होती. म्हणाली, ‘थोर कूळ? याचा आजा माझ्या आईला आतडी विकायचा. दारोदार. आणि वजनात काटा मारायचा.’

११ मार्च

आजपासून अंगणात दगड तपासते. भट्टीत रचण्याआधी प्रत्येक दगड बघायचा.

बाबांची एक जुनी पद्धत आहे. अक्षरं कोरलेला दगड गाडीतून उतरला की तो अंगणात पालथा घालायचा, अक्षरं जमिनीकडे. लहानपणी मी विचारलं होतं, का? म्हणाले, अक्षरांच्या खाचांत पावसाचं पाणी साचतं, ओल मुरते, आणि असा दगड भट्टीत फुटतो. मूर्ती कशाही पडलेल्या असतात, नाक वर, पाय वर. अक्षरांचे दगड मात्र नेहमी पालथे, ओळीत. आता मी एकेक उलटा करून वाचते आणि वाचून झाला की पुन्हा पालथा घालते. जड असतात. फार मोठे असतील ते बाबा पहारीने उलटून देतात, बघत नाहीत, पुढे जातात.

आज एका सैनिकाचा दगड. एका पाववाल्याचा. एका आईने सहा महिन्यांच्या बाळासाठी केलेला. तिघांत वेलिनियस नाही. संध्याकाळी तिघेही भट्टीत रचले गेले.

मला सहन झालं नाही. म्हटलं, बाबा, ही माणसं होती हो. मंडळात सगळे याच गोष्टीवर अश्रू ढाळतात — रोमचा इतिहास चुना होऊन चाललाय.

बाबा म्हणाले, ‘ढाळतात ना? आणि वाडे कशाने लिंपतात? मला चुन्याची मागणी कोणाची येते, सांगू का नावं?’

नावं मला माहीत आहेत. परीक्षेतले ते वकीलही त्यांत आहेत.

१५ मार्च

काही नाही. नुसता पाऊस आणि ओल्या लाकडाचा धूर.

२० मार्च

सापडला!!

दुपारच्या गाडीत होता. चिखलाने माखलेला, मोठ्या पाटाएवढा. वरच्या ओळीवरचा चिखल जमेल तेवढा पुसला. ‘वेलिनियसने आपली मुलगी वेलिनिया हिच्यासाठी’ — मधली काही अक्षरं चिखलाखाली, पण एवढं स्पष्ट! सुंदर अक्षर, खोल, टपोरं. पुढचा चिखल वाळून दगडासारखा घट्ट झालेला. थांबले नाही. तशीच पळाले गुरुजींकडे, हात चिखलाचे. गुरुजींनी जिन्यातच माझं डोकं छातीशी धरलं. रडले. म्हणाले, ‘मुली, मी गावोगाव हिंडलो, सात धन्यांच्या दारी राहिलो. आता इथेच राहीन.’ आणि टोपी न घालता वेलिनींकडे गेले.

रात्री वेलिनींकडून मोठी बाम मासळी आली. आईनेसुद्धा आतड्यांचा विषय काढला नाही.

२१ मार्च

दगड धुतला.

इथे उतरवून ठेवते, आपल्या भाषेत, जसाच्या तसा —

वेलिनियस दामाने आपली मुलगी वेलिनिया फिलुमेना हिच्यासाठी.
मला बाजारात दोनदा विकलं. तिसऱ्यांदा मीच मला विकत घेतलं.
माझ्या धन्याचं नाव मला मिळालं, दुसरं काही मिळालं नाही.
मुलीला अक्षरं शिकायला धाडलं. संध्याकाळी ती वाचायची, मी ऐकायचो.
सतरा वर्षांची होती.
वाटसरू, मला वाचता येत नाही. आता तू वाच.

गुलाम होता. सोडलेल्या गुलामाला त्याच्या धन्याचं कुळनाव मिळत असे, एवढंच. वेलिनियस कुळाशी त्याचा रक्ताचा संबंध नाही. वेलिनींचा तर कुणाशीच नाही.

मी दगडापाशी बसून राहिले. मला वेलिनींची आठवणसुद्धा नव्हती. मी तिचाच विचार करत होते. तेराशे वर्षांपूर्वी एक मुलगी होती, जिच्या घरात तिच्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हतं.

२२ मार्च

गुरुजींनी दगड वाचला. उभ्या उभ्या, मोठ्याने, सवयीप्रमाणे. चौथ्या ओळीला खोकला लागला. बराच वेळ थांबेना.

म्हणाले, वेलिनींनी कार्डिनल मंडळींना आमंत्रणं धाडलीत. म्हणाले, तू धुवायच्या आधी पळत यायला नको होतंस, आणि मी ऐकल्या ऐकल्या जायला नको होतं. ते खरंच आहे. आनंदात आम्ही दोघांनी निम्माच दगड वाचला.

मग बोटाने दाखवलं — दुसरी ओळ आणि तिसरी. शेवटची पण. आणि पहिल्या ओळीतला ‘दामा’, ते गुलामाचं नाव आहे. ‘एवढं तासून काढलं की काय उरतं? वेलिनियस, त्याची विदुषी मुलगी, अक्षरं, सतरा वर्षं. खोटा एक शब्द लिहायचा नाही. फक्त काढायचंय. तुझे बाबा छिन्नी चालवतात ना?’

मी म्हटलं, गुरुजी, तुम्हीच शिकवलंत — पोथी उतरवणाऱ्यांनी गाळलेली एक ओळ परत मिळवायला माणसाने आयुष्य वेचावं.

‘शिकवलं,’ म्हणाले. ‘आणि शाळेशिवाय कोणाला शिकवणार आहेस ते?’

२५ मार्च

येशूच्या आईचा, मारियाचा सण. मिनेर्वाच्या चर्चात गरीब मुलींना हुंडे वाटतात, त्यांची मिरवणूक बघायला आईने नेलं. पांढऱ्या कपड्यांत, मान खाली, हातात मेणबत्ती. आमच्या आळीची नान्ना होती त्यांत. मला बघून हळूच डोळा मारला.

आई परतताना म्हणाली, ‘पुढच्या वर्षी तुझं नाव घालू का? का मुकुट घालूनच म्हातारी होणार?’ चिडून नव्हती बोलत. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. म्हटलं, आई, शाळा होईल. म्हणाली, ‘मग होऊ दे बाई लवकर. मला लोकांना काहीतरी सांगता आलं पाहिजे.’

२७ मार्च

गुरुजींना हो म्हणून आले.

कारणं लिहायची म्हणजे बरीच आहेत. गुरुजींचं वय. त्यांचा खोकला. खोलीभर मुली. एक मेलेली मुलगी आणि वीस जिवंत. फिलुमेनाचं नाव राहीलच दगडावर, ती शिकलेली होती हेही राहील. तिला काय कमी पडणार आहे?

सगळी कारणं चांगली आहेत. भाषणात घालता येतील इतकी चांगली.

२८ मार्च

बाबांना सांगितलं, या दगडावरच्या अमुक ओळी तासायच्या. खडूने खुणा करून दिल्या. परवा सकाळी वेलिनींची गाडी न्यायला येणार आहे.

बाबांनी छिन्नी आणली. बसले. बोटं फिरवली खुणेवरून. चुन्याने त्यांची बोटं इतकी फाटली आहेत की त्यांना खाच लागत असेल की नाही कुणास ठाऊक. मग म्हणाले, ‘काय लिहिलंय? काय खोडतोय ते तरी सांग.’

इतक्या वर्षांत बाबांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. म्हणजे मीही कधी वाचून दाखवलं नव्हतं. लॅटिन त्यांना काय कळणार, असं मी धरूनच चालले होते. आपल्या भाषेत सांगावं हे सुचलंच नाही.

वाचलं. ओळीने. विकलं ते. नाव मिळालं ते. संध्याकाळी ती वाचायची, मी ऐकायचो.

बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, ‘परत वाच.’

परत वाचलं.

‘हा बाप होता?’

हो.

‘आणि यानेच कोरून घेतलं? स्वतःला विकलं होतं ते? लपवलं नाही?’

नाही लपवलं.

बाबांनी छिन्नी गुडघ्यावर ठेवली. मी वाट बघत होते, आता नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर मी सुटले असते. ते म्हणाले, ‘तुझी शाळा आहे, पोरी. तू सांगशील तसं. उद्या सकाळी सांग.’

२९ मार्च

जे झालं ते लिहिते.

सकाळी अंगणात गेले. भट्टी रचून झाली होती, वरचा थर तेवढा उरला होता. आज पेटवायची ठरलेली. बाबा छिन्नी घेऊन दगडापाशी उभे.

म्हटलं, बाबा, तासायचा नाही.

‘बरं. मग काय सांगू गाडीवाल्याला?’

तेच तर. दगड वेलिनींच्या मळ्यातला. त्यांचा. तसाच दिला तर दुसरा पाथरवट तासेल, संध्याकाळपर्यंत. लपवला तर बाबांवर चोरी. मी अंगणात फिरत राहिले. जिथे उभी राहीन तिथे तोच दगड समोर. खडूच्या माझ्याच खुणा त्यावर. कुठेही गेला तरी तो दगड आता खोटं बोलणार होता, त्या माणसाच्याच तोंडून, त्याच्याच मुलीबद्दल. आणि ते खोटं दारावर बसणार, आणि त्याखाली मी मुलींना खरं-खोटं शिकवणार.

म्हटलं, भट्टीत घाला.

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ‘विचार कर. तिथून बाहेर येत नाही काही.’

घाला, म्हटलं. अख्खा जाऊ दे.

दोघांनी उचलला. एक बाजू त्यांनी, एक मी. फळीवरून वर नेला. भट्टीच्या तोंडाशी ते थांबले. ‘तोंड कुठे करू?’

मला बघवेना. म्हटलं, नेहमीसारखंच. खाली.

बाबांनी पालथा घातला.

गवत-काटक्या मीच पेटवल्या. जुन्या दगडांसाठी मंडळात सगळ्यात जास्त रडणारी मी.

३० मार्च

गाडी आली. बाबांनी सांगितलं, उतरवताना दगड दुभंगला, चुकून भट्टीत गेला. वेलिनींचा मुकादम भट्टीकडे बघत राहिला. ती जळतच होती.

३ एप्रिल

गुरुजी खोली सोडून गेले. वेलिनींच्या वाड्यात त्यांना जागा दिली आहे, म्हणजे वेलिनी त्यांच्यावर रागावलेले नाहीत. मी एका परीने सुटले.

त्यांना मी खरं सांगितलं होतं. बाबांवर का येऊ द्यायचं? पुस्तकं बांधता बांधता ते थांबले. खालच्या आवाजात म्हणाले, ‘रानटी गॉथ टोळ्यांनी हे शहर लुटलं. पण त्यांना वाचता येत नव्हतं. तू वाचलंस, समजलीस, आणि मग जाळलंस.’

मी त्यांच्या पुस्तकांची दोरी आवळून दिली.

जिना उतरताना त्यांचा तोल गेला, आईने दंड धरला. ‘सांभाळून, मेओ,’ म्हणाली. त्यांच्या पिशवीत तिने भाकरीचा मोठा गोळा आणि कांदे कोंबले. ते नको म्हणाले नाहीत.

८ एप्रिल

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. भट्टी निवली. मालात ओळखू येईल असं काही नव्हतं. दामा कोण, पाववाला कोण, बाळ कोणतं. सगळी पांढरी ढेकळं, हलकी, हातात घेतली की कुरकुरणारी.

मी त्यात हात घालून बसले. बाबा ओरडले, हात जळतील. नेऊन तेल लावलं.

१० एप्रिल

वेलिनींचा मुकादम सगळा चुना घेऊन गेला. सभेआधी दिवाणखान्याला शेवटचा पांढरा हात द्यायचाय. म्हणाला, यापुढे दगड दुसऱ्या भट्टीवर जातील.

आईने मला काही म्हटलं नाही. बाबांनाही नाही. तिने नुसतं गाडीच्या घोड्याचा खर्च कमी करावा का हे विचारलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१५ एप्रिल

ईस्टर. घंटा. कोकराचं मांस यंदा रेन्झामावशीने पाठवलं.

२१ एप्रिल

गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण आळीतली माणसं दाराशी उभी राहून बघू शकत होती. नान्नाबरोबर गेले.

दारावर दगड होता.

आधी वाटलं, मला भास होतोय. मग वाचला. ‘शंभर सैनिकांचा नायक वेलिनियस याने आपली विदुषी मुलगी वेलिनिया हिच्यासाठी...’ सुंदर कोरलेला. लॅटिन निर्दोष. गुरुजींची लॅटिन, मी दहा वर्षं वाचली आहे, मला कळणार नाही? कडा मुद्दाम फोडलेल्या, जुना दिसावा म्हणून अंगाला शेणाचा आणि शिरक्याचा डाग. नान्ना नाक मुरडून म्हणाली, ‘इतका जुना आहे, तरी अजून गोठ्याचा वास येतो बघ.’

भाषण गुरुजींनी केलं. फार चांगलं केलं. विद्या पुन्हा जन्म घेते आहे, म्हणाले. दगडसुद्धा बोलू लागले आहेत, म्हणाले. एक कार्डिनल रुमालाने डोळे टिपत होते. माणसं रडली, खरंच रडली, आणि त्यांतला कुणी वाईट नव्हता.

म्हणजे मी काहीच वाचवलं नाही. खोटं जसंच्या तसं दारावर बसलं. खरं तेवढं गेलं. आणि गेलं ते माझ्या हाताने.

गर्दी ओसरल्यावर भिंतीला हात लावला. थंड, गुळगुळीत, पांढरीशुभ्र. तिथेच आहे ती, फिलुमेना. तिच्यावर मेणबत्त्यांचा उजेड पडला होता, आणि सगळे म्हणत होते, काय चकाकी आहे.

गुरुजींनी लांबून पाहिलं. हात अर्धा वर केला. मग कुणीतरी त्यांना हाक मारली — पॉम्पिलियस.

२३ एप्रिल

शाळा होणार आहे. फक्त मुलगे. गुरुजींचा पुतण्या धाकट्यांना शिकवेल. नान्नाने सांगितलं, सांभाळून, जसं दुखणाइताला सांगतात.

आईला म्हटलं, घाल माझं नाव, पुढच्या वर्षीच्या मिरवणुकीत. ती म्हणाली, ‘आत्ता नको बोलूस. जेव आधी.’

पुस्तकं पेटीत घातली. परीक्षेचा मुकुट वाळलाय. उरलेली पानं आईला देऊन टाकली.

दोन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. अंगणात काहीतरी घासत असतात. मला तिकडे जाववत नाही.

२६ एप्रिल

काल पाऊस झाला. सकाळी बाबांनी हाक मारली, अंगणात ये.

दुसऱ्या मळ्यांतून आलेले, कधीपासून पडून असलेले दगड. भिंतीपासून भट्टीपर्यंत. सगळे उलटलेले. सगळे उताणे. घासून धुतलेले. प्रत्येक अक्षराच्या खाचेत पावसाचं पाणी भरलेलं, आणि त्यात आभाळ. भट्टी थंड होती. बाबा पहार टेकून उभे होते.

म्हटलं, बाबा, पाणी साचलंय. फुटतील ना दगड?

‘साचू दे,’ म्हणाले. त्यांनी तिपाई ओढून घेतली आणि पहिल्या दगडापाशी बसले. ‘वाच.’